सिएनाचे पांढरे रस्ते आणि विजेच्या दोन सायकली

शाळेच्या रंगपेटीत ‘बर्न्ट सिएना’ नावाचा एक रंग असायचा. भाजलेल्या कौलासारखा, किंचित तांबूस तपकिरी. त्या रंगाला ज्या मातीने नाव दिले ती माती इटलीतील तोस्काना प्रांतात, सिएना नावाच्या जुन्या नगराभोवती पसरलेली आहे. इंग्रजी नकाशात या प्रांताला टस्कनी म्हणतात. गंमत अशी की, ज्या गावाच्या भिंती, कौले आणि चौक या तपकिरी रंगात न्हालेले आहेत, त्या गावाबाहेर पडताच तुमच्या पायाखालचा रस्ता मात्र पांढराशुभ्र होतो. चुनखडीच्या बारीक खडीचे हे रस्ते द्राक्षमळ्यांतून, ऑलिव्हच्या बागांतून आणि सरूच्या रांगांमधून वळणे घेत टेकड्यांवर चढतात. स्थानिक लोक त्यांना ‘स्त्रादे बियांके’, म्हणजे नुसतेच ‘पांढरे रस्ते’ म्हणतात. आपल्याकडच्या मुरुमाच्या रस्त्याची ज्यांना सवय आहे त्यांना हे रस्ते परके वाटणार नाहीत. रंग तेवढा निराळा.

हे रस्ते आजवर टिकले ते सायकलींमुळे. डांबराखाली ते एकेक करून नाहीसे होत असताना, 1997 मध्ये जांकार्लो ब्रोची या गृहस्थांनी गायोले-इन-कियान्ती या छोट्या गावातून ‘लेरोइका’ नावाची सायकलफेरी सुरू केली. पहिल्या वर्षी अवघे 92 स्वार आले होते. जुन्या काळचे सायकलिंग जुन्या रस्त्यांवरच जगेल, म्हणून रस्ते राखा, असा त्यांचा आग्रह होता. या फेरीत 1987 पूर्वीच्या घडणीच्याच सायकली चालतात. पुढे 2007 पासून व्यावसायिक स्पर्धकांची ‘स्त्रादे बियांके’ ही शर्यतही येथे होऊ लागली आणि सिएनाच्या शंखाकृती चौकात, पियाझ्झा देल काम्पोमध्ये, ती संपते. 2015 पासून स्त्रियांची शर्यतही होते. पण शर्यतीचे दिवस वर्षातून मोजकेच. एरवी लेरोइकाच्या मार्गावर कायमच्या पाट्या लावलेल्या आहेत आणि त्या पाहत कोणीही, कोणत्याही महिन्यात, आपल्या ताकदीप्रमाणे हिंडू शकतो.

‘आपल्या ताकदीप्रमाणे’ हे शब्द मी मुद्दाम लिहिले. या पाक्षिकाचे वाचक सर्व वयांचे आहेत आणि सर्वांची ताकद सारखी नसते. आमच्याच घरचे पाहा. माझे यजमान एकसष्ट वर्षांचे आहेत. तरुणपणी त्यांनी पुण्याहून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत सायकलने असंख्य फेऱ्या मारल्या. चौदा महिन्यांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली, आणि सायकल वऱ्हांड्यात उभी राहिली. मुलगा जर्मनीत नोकरी करतो. त्याला वडिलांबरोबर एकदा या पांढऱ्या रस्त्यांवरून जायचे होते. हृदयरोगतज्ज्ञांनी चालण्याच्या पट्ट्यावरील तपासणी करून परवानगी दिली, पण दोन अटींवर: दम लागून बोलणे थांबेल इतका जोर करायचा नाही, आणि पडायचे नाही. पहिली अट सगळ्यांना लगेच कळते. दुसरीचे महत्त्व थोडे उशिरा ध्यानात येते. स्टेंट बसवलेल्या माणसाला रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या चालू असतात, आणि अशा वेळी साधे खरचटणेही लवकर थांबत नाही. डोक्यावरच्या मुक्या माराचे तर विचारूच नका. या दोन अटींमुळे सायकलची निवड ही आमच्या घरात केवळ हौसेची बाब उरली नाही.

पहिल्या अटीचे उत्तर विजेच्या सायकलीत होते. पण विजेची सायकल म्हणजे एकच वस्तू नव्हे. वाकड्या हँडलच्या, हलक्या, लांब पल्ल्याच्या सायकलींतही आज दोन कुळे आहेत. एक रस्त्याची, म्हणजे ‘रोड बाइक’: टायर साधारण 28 ते 32 मिलिमीटर रुंद, त्यात हवा कडक, बसण्याची ठेवण जराशी पुढे झुकलेली, डांबरावर सरळ वेगाने धावणारी. दुसरी खडीची, म्हणजे ‘ग्रॅव्हल बाइक’: टायर 40 ते 50 मिलिमीटर, हवा मऊ, हँडलचे खालचे टोक बाहेर पसरलेले, चाकांमधले अंतर थोडे अधिक आणि पुढचे चाक वळणावर शांत. दिसायला दोन्ही बहिणी. चालवायला लागलात की स्वभाव कळतो.

सिएनात भाड्याने सायकल घेताना दुकानदार तुम्हाला दोन्ही दाखवील, आणि बहुतेक जण देखणी म्हणून रोड बाइकच निवडतात. तसे करण्याआधी एका आकड्याचा विचार करा. तो आकडा 25. युरोपच्या नियमानुसार विजेच्या सायकलची मोटर सतत 250 वॉटपेक्षा अधिक ताकदीची नसावी लागते, पायडल मारल्याखेरीज ती चालत नाही, आणि ताशी 25 किलोमीटरच्या वर तिने मदत थांबवायची असते. आता सपाट डांबरी रस्त्यावर हलक्या रोड बाइकने जाणारा चांगला स्वार सहज 28-30 च्या वेगाने जातो. म्हणजे रोड बाइकची जी खरी जागा, तो सपाट रस्ता, तेथे मोटर झोपलेली असते आणि तिचे व बॅटरीचे तीन-चार किलो वजन तुम्ही नुसते वाहून नेत असता. ती जागी होते फक्त चढावर. खडीच्या रस्त्यावर मात्र धट्ट्याकट्ट्या माणसाचाही वेग 15 ते 22 च्या दरम्यान राहतो. मोटर जवळजवळ सतत तुमच्या सोबत असते. म्हणून माझे मत असे झाले आहे की, आपल्या वयाच्या आणि आपल्या गरजेच्या माणसाला विजेची मोटर खडीच्या सायकलीत जितकी उपयोगी पडते तितकी रस्त्याच्या सायकलीत पडत नाही. जे तरुण स्वार मित्रांच्या तांड्यामागे राहू नये म्हणून विजेची रोड बाइक घेऊ पाहतात, त्यांनी तर हा आकडा दोनदा वाचावा.

मोटर कोठे बसवली आहे, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा. काही सायकलींत ती मागच्या चाकाच्या तुंब्यात असते. स्पेनच्या बास्क प्रदेशातील ओर्बेआ कंपनीची ‘गेन’ ही त्या जातीची. तिच्या चाकात माले या जर्मन कंपनीची मोटर असते. अशी सायकल पाहणाऱ्याला विजेची आहे हे कळतसुद्धा नाही, वजन बारा-तेरा किलोच्या आसपास राहते, आणि मोटर बंद असताना पायडलला अडथळा जवळपास नसतो. दुसऱ्या प्रकारात मोटर पायडलच्या आसाशी बसते. स्पेशलाइझ्डची ‘क्रिओ 2’, ट्रेकची ‘डोमाने प्लस’ आणि ‘चेकपॉइंट प्लस’ या त्या जातीच्या. फरक चढावर कळतो. चाकातल्या मोटरला तुमच्या गिअरचा फायदा मिळत नाही; चाक हळू फिरू लागले की तिची ताकदही उतरते, म्हणजे नेमकी जेव्हा हवी तेव्हाच ती थकते. पायडलपाशी असलेली मोटर मात्र साखळीतून आणि गिअरमधून जोर लावते. तुम्ही हलका गिअर टाकून पाय भराभर फिरवत राहिलात तर चढ कितीही उभा असो, ती आपल्या सोयीच्या गतीने फिरत राहते. मिनिटाला सत्तर-ऐंशी फेऱ्या ही गती गुडघ्यांनाही मानवते. जड गिअरवर रेटत चढणाऱ्याचे गुडघे पन्नाशीनंतर तक्रार करू लागतात, हे तुम्हाला सांगायला नको.

एक तिसरा, धिप्पाड प्रकारही आहे. कॅनियनची ‘ग्रेल-ऑन’ किंवा कॅननडेलची ‘टॉपस्टोन निओ कार्बन’ यांत बॉशची डोंगरी सायकलींसाठी बनवलेली मोटर आणि 500 वॉट-तासांची बॅटरी येते. जोर 85 न्यूटन-मीटर, म्हणजे क्रिओच्या 50 न्यूटन-मीटरच्या कितीतरी वर. पण वजन सोळा-सतरा किलो. चढाला ती हत्तीसारखी सरळ जाते, हे खरे. मात्र सिएनाचे रेल्वे स्थानक गावाच्या खाली आहे, प्रादेशिक गाडीत सायकल चढवताना पायऱ्या लागतात, आणि सतरा किलोचे धूड उचलताना श्वास रोखून जो झटका द्यावा लागतो, तो हृदयविकाराच्या माणसाला पायडल मारण्यापेक्षा वाईट. हलकी सायकल ही हौशी लोकांची मिजास आहे, असे मला पूर्वी वाटे असे नव्हे. पण वजनाचा संबंध चालवण्यापेक्षा उचलण्याशी अधिक आहे हे तेथील स्थानकावर नीट दिसले.

आता थोडे गणित. ते कंटाळवाणे नाही, आणि जाहिरातीतील ‘एका चार्जमध्ये इतके किलोमीटर’ या वाक्यापेक्षा ते अधिक उपयोगाचे आहे. स्वार, सायकल, पाणी आणि पिशवी मिळून 90 किलो वजन धरा. सहा टक्क्यांच्या खडीच्या चढावर, म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर सहा मीटर वर नेणाऱ्या रस्त्यावर, ताशी दहा किलोमीटरने जायला सुमारे पावणेदोनशे वॉट लागतात. यजमानांनी शांतपणे, बोलत बोलत द्यायची ताकद समजा शंभर वॉट. उरलेले पंचाहत्तर मोटरने द्यायचे. पण सिएनाच्या उत्तरेला ‘ले तोल्फे’ नावाचा एक चढ आहे. लांबी जेमतेम किलोमीटरभर, पण शेवटी 18 टक्के उभा. तेथे ताशी आठच्या वेगालाही साडेतीनशेहून अधिक वॉट लागतात. शंभर तुमचे, उरलेले अडीचशेहून जास्त मोटरचे. क्रिओ 2 ची मोटर क्षणभरासाठी 320 वॉटपर्यंत जाते. नियमातला 250 चा आकडा सततच्या ताकदीचा असतो, म्हणून हे कायद्यात बसते. म्हणजे तो चढ त्या सायकलीवर यजमानांच्या आवाक्यात येतो, चाकातल्या मोटरवर जेमतेम येतो, आणि मोटरविना येत नाही.

बॅटरीचेही तसेच. नव्वद किलो वजन 1000 मीटर उंच उचलायला सुमारे 245 वॉट-तास ऊर्जा लागते. त्यातला निम्मा वाटा तुम्ही उचललात, तर मोटरमधला आणि साखळीतला अपव्यय धरून बॅटरीतून साधारण 160 वॉट-तास जातील. क्रिओ 2 मध्ये 320 वॉट-तास असतात, ट्रेकच्या डोमाने प्लसमध्ये 360. म्हणून दिवसाचा मार्ग ठरवताना किलोमीटर मोजू नका, चढाचे मीटर मोजा. कियान्तीत पन्नास किलोमीटरांत हजार मीटर चढ सहज भरतो, कारण तेथे सपाट असे काही नाहीच. एक टेकडी संपली की दुसरी. हजार मीटरच्या दिवसाला 320 ची बॅटरी पुरून उरते. सगळा भार मोटरवर टाकून पाय नुसते फिरवलेत तर मात्र दुपारीच ती संपेल, आणि व्यायामही घडणार नाही.

व्यायाम घडतो का, हा प्रश्न पुष्कळ जण विचारतात, आणि विचारताना थोडे हसतातही. विजेची सायकल म्हणजे आळशांची सोय, असा एक समज आपल्याकडे आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम तीव्रतेचा व्यायाम सुचवते. मध्यम म्हणजे श्वास वाढावा, पण वाक्य पुरे करता यावे. गाणे मात्र म्हणता येऊ नये. वर सांगितलेले शंभर वॉट यजमानांसाठी नेमके त्या पट्ट्यात बसतात. मोटर नसती तर पहिल्याच उभ्या चढावर ते त्या पट्ट्याच्या बाहेर फेकले गेले असते. मोटर चढ सपाट करते आणि माणसाला दिवसभर मध्यम पट्ट्यात ठेवते. औषधासारखा मोजून दिलेला व्यायाम म्हणा. येथे एक सावधगिरी. काही सायकली आणि घड्याळे हृदयाच्या ठोक्यांवरून मेहनत मोजतात. हृदयविकारात ‘बीटा-ब्लॉकर’ गटातील गोळ्या पुष्कळांना चालू असतात आणि त्या ठोके मुद्दाम कमी ठेवतात. आकडा 105 दिसतो, आणि माणूस आतून दमलेला असतो. अशांनी घड्याळ बाजूला ठेवून बोलण्याचीच कसोटी वापरावी. मुलाने यावर चांगली युक्ती काढली: चढावर तो वडिलांना जुन्या शेजाऱ्यांची नावे विचारत राही. उत्तर तुटक येऊ लागले की दोघे थांबत आणि मोटरची मदत एक पायरी वाढवत. जिभेखाली ठेवायची गोळी खिशात, पाठपिशवीत नव्हे. आणि 112 हा युरोपभर चालणारा आपत्कालीन क्रमांक फोनवर पहिला. छातीत जडपणा आला तर ‘हा चढ संपवून थांबू’ म्हणायचे नाही.

आम्ही सप्टेंबरच्या अखेरीस गेलो होतो. कियान्तीत तेव्हा द्राक्षांची तोडणी चालू असते. ब्रोलिओच्या किल्ल्याकडे चढणारा पांढरा रस्ता सरूंच्या दोन रांगांमधून जातो. हा किल्ला रिकासोली घराण्याचा. याच घराण्यातील बेत्तिनो रिकासोली एकोणिसाव्या शतकात इटलीचे पंतप्रधान होते. सकाळी आठला त्या रस्त्यावर ऊन तिरपे पडते, खडीतून चाक जाताना भाकरी मोडल्यासारखा बारीक आवाज येतो, आणि मळ्यांतून तोडणीच्या टोळ्यांचे बोलणे ऐकू येत राहते. मोटरचा आवाज त्या सगळ्यात बुडून जातो. चौदा महिने ज्यांनी बागेतल्या पायवाटेच्या पलीकडे मेहनत केली नव्हती, ते माझे यजमान मुलाच्या शेजारून बोलत बोलत तो चढ चढले. मी पाठीमागे होते, त्यामुळे त्यांचे चेहरे मला दिसत नव्हते. बोलणे मात्र एकदाही थांबले नाही.

वर पोहोचल्यावर भूक लागतेच. तोस्कानाची भाकरी, म्हणजे त्यांचा पाव, बिनमिठाचा असतो. प्रथम घास घेणाऱ्याला तो अळणी लागतो आणि हॉटेलवाल्याकडून काही राहिले की काय अशी शंका येते. पण तेथली रीतच ती आहे. रक्तदाबाच्या रुग्णांना घरी जे शिकवावे लागते ते येथे आयते वाढले जाते. शिळ्या पावाचे, घेवड्याच्या दाण्यांचे आणि काळसर कोबीच्या पानांचे ‘रिबोल्लिता’ नावाचे दाट सूप शाकाहारी माणसाला दुपारभर पुरते. तेथेच वाइनही समोर येते. सायकल अजून खाली उतरवायची असेल तर ती संध्याकाळपर्यंत थांबू द्या.

उतरताना तुम्हाला दुसऱ्या अटीची, न पडण्याची, आठवण होईल. चढावर मोटरचा विचार करायचा, उतारावर टायरचा. आम्ही पहिल्या दिवशी दोन्ही सायकली एकेक तास चालवून पाहिल्या. कडक हवेच्या 30 मिलिमीटर टायरवर खडीचा प्रत्येक कण मनगटातून खांद्यापर्यंत पोहोचत होता. असे दोन-तीन तास गेले की करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होते, कारण तळव्याच्या कडेवरून जाणारी नस सतत दाबली जाते. बधिर बोटांनी ब्रेकचा अंदाज चुकतो. शिवाय पांढऱ्या रस्त्याच्या मध्यभागी आणि वळणांच्या बाहेरच्या कडेला सुटी खडी साठलेली असते. अरुंद टायर तिच्यात रुतून तिरका होतो, रुंद टायर तिच्यावर पसरतो. क्रिओ 2 वर 47 मिलिमीटरचे टायर होते आणि हँडलच्या मुळाशी दोन सेंटिमीटर दबणारी स्प्रिंग. त्या सायकलवर यजमान उतरताना ब्रेकवर घट्ट मुठी आवळून बसलेले दिसले नाहीत, एवढे मला पुरे होते. दुकानदाराने टायरमध्ये कडक हवा भरून दिली असेल तर ती कमी करून घ्या. साधारण सत्तर-पंचाहत्तर किलोच्या स्वाराला या रुंदीवर तीसेक पीएसआय पुरते. डांबरी रस्त्याच्या सवयीने ‘टणक हवा म्हणजे चांगली’ असे आपण धरून चालतो, खडीवर ते उलटे आहे. आणि वळणाआधी ब्रेक, वळणात नाही.

सिएनाच्या आग्नेयेला गेलात तर देखावा एकदम बदलतो. द्राक्षमळे संपतात आणि ‘क्रेते सेनेसी’ लागते: राखाडी चिकणमातीच्या उघड्या टेकड्या, कापणीनंतर चंद्रासारख्या ओसाड. येथेच ‘मोंते सान्ते मारिए’ हा साडेअकरा किलोमीटरचा पांढरा पट्टा आहे. शर्यतीचा निकाल पुष्कळदा येथे ठरतो. 2024 मध्ये तादेय पोगाचार याने याच पट्ट्यावरून एकट्याने मुसंडी मारली आणि उरलेले 81 किलोमीटर कोणालाही गाठू दिले नाही. आपल्याला कोणाला मागे टाकायचे नसते, म्हणून तो दोन तासांत, मध्ये एकदा सावली शोधून, पार करावा. सावली फारशी नाही. पाणी प्रत्येकी दोन बाटल्या तरी हवेच. मोटर मेहनत कमी करते, ऊन नाही. घाम मोटरच्या वाऱ्याने लगेच सुकतो, त्यामुळे तहान जाणवत नाही, आणि मूत्रल गोळ्या घेणाऱ्यांना त्याचा फटका आधी बसतो.

आता हे सगळे वाचून तुम्ही पुण्यात, नाशकात किंवा कोल्हापुरात अशी सायकल घ्यावी का? कायद्याची अडचण नाही. आपल्याकडेही 250 वॉटपर्यंतच्या आणि ताशी 25 किलोमीटरपर्यंतच्या विजेच्या सायकलीला नोंदणी किंवा परवाना लागत नाही. अडचणी व्यवहाराच्या आहेत. परदेशी मोटर बिघडली तर तिचा भाग कोण आणून देणार, हे दुकानदाराकडून लेखी घ्या. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत असाल आणि वाहनतळात प्लग नसेल, तर बॅटरी काढून घरी नेता येते का ते पाहा. माले पद्धतीच्या सायकलींत ती सांगाड्यात बंद असते, अख्खी सायकल प्लगपाशी न्यावी लागते. फाझुआसारख्या पद्धतींत काढता येणारी बॅटरी मिळते. महिनोन्‌महिने वापरायची नसेल तर पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नका, आणि मे महिन्यात बंद गाडीत तर मुळीच नको. आणि आपले रस्ते! नकाशावर डांबरी दाखवलेला रस्ता पावसाळ्यानंतर निम्मा खडीचाच असतो. त्यामुळे रुंद टायरची सायकल आपल्याकडे डांबरावरही शहाणपणाची ठरते. ज्यांना एकच सायकल घ्यायची आहे त्यांनी खडीची घ्यावी, आणि जमल्यास अरुंद टायरच्या चाकांची दुसरी जोडी ठेवावी. उलटे करता येत नाही: रोड बाइकच्या सांगाड्यात 45 चा टायर शिरत नाही.

स्वतःची विजेची सायकल घेऊन तोस्कानाला जाण्याचा विचार मात्र सोडून द्या. प्रवासी विमानात 160 वॉट-तासांहून मोठी बॅटरी नेऊ देत नाहीत. 100 ते 160 पर्यंतची विमान कंपनीच्या परवानगीने नेता येते, आणि सायकलींच्या मुख्य बॅटऱ्या त्याच्या कितीतरी वर असतात. सायकल तेथेच भाड्याने घ्या. नेहमीचे हेल्मेट, हातमोजे आणि सवयीची सीट तेवढी बरोबर न्या. सीट नेली तर दुकानदार पाच मिनिटांत बसवून देतो. आपली उंची आधी कळवा, मोटर चाकात आहे की पायडलपाशी हे विचारा, आणि ताब्यात घेताना बॅटरी पूर्ण भरलेली आहे का ते दिवे मोजून पाहा.

पाऊस झाला असेल तर आणखी एक बदल करावा लागतो. क्रेतेची चिकणमाती ओली झाली की टायर आणि सांगाडा यांच्यामध्ये लिंपल्यासारखी भरते आणि चाक फिरेनासे होते; रुंद टायरच्या सायकलीत ती अधिकच लवकर अडकते, कारण तेथे जागा कमी उरते. आमच्या तिसऱ्या दिवशी असेच झाले. रात्री पाऊस पडून गेला होता, आणि आकाश सकाळी धुऊन वाळत घातल्यासारखे दिसत होते. अशा दिवशी सिएनाहून आशानोकडे जाणारा लाउरेताना हा डांबरी रस्ता धरावा. तो टेकड्यांच्या माथ्यावरून जातो, वाहने थोडी, चढ लांब आणि सौम्य, आणि दोन्ही बाजूंना दूरवर करड्या मातीच्या लाटा. मुलाने त्या दिवशी अरुंद टायरची, चाकात मोटर असलेली सायकल घेतली आणि खुशीत होता. यजमानांनी आपली बदलली नाही. आशानोहून सिएनाला परत येणारी छोटी रेल्वे आहे. गाडीवर सायकलचे चिन्ह असेल तीच धरा, सायकलचे वेगळे तिकीट काढा, आणि स्थानकावरून वर गावात जायला सरकते जिने आहेत. त्यांवर सायकल चढवू नका. बाजूचा रस्ता उभा आहे, पण बॅटरीत तेवढे शिल्लक असेल.